सोरायसिस नव्याने कळला असेल तर: पहिल्या काही महिन्यांत काय करायचं, कोणत्या क्रमाने

कोपरावर नाण्याएवढा एक चट्टा, त्यावर चंदेरी खपल्या, आणि डोक्यातला कोंडा समजून वर्षभर शाम्पू बदलत राहणं. माझी सुरुवात अशी झाली. बहुतेकांची थोड्याफार फरकाने अशीच होते. मग एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ तो चट्टा बघतात, नखं बघतात, कानामागे बघतात आणि सांगतात, "हा सोरायसिस आहे. कायमचा जात नाही, पण ताब्यात राहतो." घरी पोचेपर्यंत त्यातलं 'कायमचा जात नाही' एवढंच डोक्यात घुमत असतं.

हा लेख 'ताब्यात राहतो' या शब्दांसाठी आहे. मला हा आजार होऊन १४ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वाया गेली. औषधं होती, पण प्रत्येक औषधाला मी आठ दिवस द्यायचे आणि फरक दिसला नाही की दुसरीकडे वळायचे. कातडीचा हिशोब आठवड्यांचा आणि महिन्यांचा असतो, हे मला फार उशिरा समजलं. तुम्हाला ते आधीच कळावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: निदान पक्कं करून घ्या

खाज आणि खपल्या असणारे आजार पुष्कळ आहेत, आणि त्यांची औषधं एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतात. नायट्यात, म्हणजे बुरशीच्या संसर्गात, चट्टा गोलाकार पसरतो, कडा उठून दिसते आणि मधली जागा बरी होत आल्यासारखी वाटते. एक्झिमात कडा पुसट असतात, खाज प्रचंड असते, कधी पाणी सुटतं, आणि मोठ्या माणसांतही तो बऱ्याचदा कोपराच्या आतल्या घडीत किंवा गुडघ्यामागे असतो. सोरायसिसचा नेहमीचा चट्टा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीवर, कमरेच्या खाली पाठीवर किंवा डोक्यात येतो. त्याची कड पेन्सिलीने आखल्यासारखी स्पष्ट असते, कातडी जाड लागते आणि खपली कोरडी, चंदेरी-पांढरी असते. पुस्तकांत तो लाल लिहिलेला असतो; सावळ्या कातडीवर तो जांभळट, करडा किंवा गडद तपकिरी दिसतो. त्यामुळे 'लाल नाही, म्हणजे सोरायसिस नाही' असा निष्कर्ष काढू नका.

शंका असेल तर डॉक्टर खपली खरवडून बुरशीसाठी तपासतात, किंवा कातडीचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. भूल देऊन होणारं छोटंसं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही. घाबरावं असं काही असेल तर ते म्हणजे निदानाआधीच कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावत बसणं. नायट्यावर ते लावलं तर चार दिवस खाज थांबते आणि आत बुरशी मजेत पसरते. शिवाय चट्ट्याचं मूळ रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड होतं. काही लावलेलं असेल तर ती ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

दुसरी पायरी: आत काय चाललंय ते समजून घ्या

आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिनाभराने नकळत झडून जाते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकला जातो. पेशी पिकायच्या आधीच पृष्ठभागावर येतात, एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि थरावर थर साचतो. तीच ती खपली. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून खपली ओरबाडली की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात.

ही घाई कातडी स्वतःहून करत नाही. रोगप्रतिकारशक्तीतल्या काही पेशी, जंतू नसतानाही, जखम झाल्यासारखे निरोप पाठवत राहतात. या निरोपांच्या रेणूंना टीएनएफ, इंटरल्यूकिन-१७, इंटरल्यूकिन-२३ अशी नावं आहेत. नावं पाठ करायची गरज नाही, पण पुढे इंजेक्शनांबद्दल बोलताना ती येतील. मलम वरची आग विझवतं. निरोप पाठवणारी यंत्रणा मात्र तशीच राहते, म्हणून चट्टे जातात आणि परत येतात. परत आले म्हणजे तुमचं काहीतरी चुकलं, असं दर वेळी समजू नका.

यातूनच दुसरी गोष्ट कळते: हा संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, कपड्यांनी, एका ताटात जेवल्याने, शरीरसंबंधाने, कशानेही लागत नाही. एके काळी सोरायसिस आणि कुष्ठरोग एकाच गोणीत कोंबले जात. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा या डॉक्टरांनी १८४१ मध्ये दोन्ही आजार स्पष्टपणे वेगळे केले. तेव्हापासून इतकी वर्षं लोटली, तरी शेजारी बसलेला माणूस सरकून बसतो तेव्हा ती जुनी भीतीच सरकत असते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून सोरायसिसला दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आजार म्हणून मान्यता दिली आणि रुग्णांशी होणारा भेदभाव थांबवण्याचं आवाहन केलं. घरात कुणाला शंका असेल तर हे त्यांना सांगा.

आनुवंशिकता थोडी असते. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, पण होईलच असं नाही. अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो. ज्यांच्यात तो कल आहे त्यांच्यात कशानेतरी ठिणगी पडावी लागते.

तिसरी पायरी: आजचा नकाशा काढून ठेवा

उपचार सुरू करण्याआधी एक दिवस यासाठी द्या. मापाला आपला स्वतःचा हात पुरतो: बोटांसकट आपला तळवा म्हणजे शरीराच्या कातडीचा साधारण १ टक्का. कोपर, गुडघे, पाठ, डोकं असे सगळे चट्टे मिळून किती तळवे होतात ते मोजा. तीनपेक्षा कमी असतील तर आजार सहसा सौम्य धरतात, दहापेक्षा जास्त असतील तर तीव्र. पण हे माप आंधळेपणाने वापरायचं नाही. तळहात, तळपाय, चेहरा, नखं किंवा गुप्तांगावर एकच चट्टा असला तरी माणसाचं जगणं अडतं, आणि डॉक्टरही त्याला सौम्य म्हणत नाहीत.

मग फोटो काढा. तीच जागा, तोच उजेड, तेच अंतर, दर दोन आठवड्यांनी. रोज आरशात बघून सुधारणा कळत नाही, उलट रोज निराशा होते. मला दोन महिन्यांनी 'काहीच फरक नाही' असं खात्रीने वाटत होतं आणि फोटो शेजारी ठेवले तेव्हा गुडघ्यावरचा चट्टा निम्मा झालेला दिसला. जाडी कमी होते ती आधी, रंग जातो तो सगळ्यात शेवटी. डोळे मात्र रंगच बघत राहतात.

सोबत एक छोटी वही ठेवा. कधी वाढलं, त्याआधी आजारपण, घसादुखी, जागरण, नवीन औषध असं काही होतं का, एवढंच लिहायचं. खाजेला दहापैकी गुण द्या. झोप किती मोडली ते लिहा. डॉक्टर कधी कधी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात, तिच्यात शून्य ते तीस गुण असतात आणि त्यावरून आजार तुमच्या रोजच्या आयुष्यात किती घुसलाय ते कळतं. तिथे संकोचाने कमी गुण देऊ नका. कातडीवर कमी आणि मनावर जास्त असेल, तर ते उपचार ठरवताना धरलं गेलं पाहिजे.

चौथी पायरी: अंघोळ आणि ओलावा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. पाणी कोमट, कडकडीत गरम नको. गरम पाण्याने खाज त्या क्षणी शमते आणि तासाभराने दुप्पट होते. पाच-दहा मिनिटं पुरेत. घासणी, दगड, खरखरीत पंचा यांना रजा द्या. सुगंधी साबणाऐवजी सौम्य, बिनसुगंधी काहीतरी वापरा. अंग टिपून घ्या, पुसू नका, आणि कातडी दमट आहे तोवर, पहिल्या तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावा. दिवसातून निदान दोनदा, आणि भरपूर. मोठ्या भागावर आजार असेल तर आठवड्याला पाव किलो ते अर्धा किलो लागतं, तेव्हा छोट्या शोभिवंत बाटलीचा काही उपयोग नाही. केसांच्या दिशेने, वरून खाली लावा, चोळून जिरवू नका. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

कोणतं घ्यायचं? जे तुम्ही रोज लावाल ते. साधी पेट्रोलियम जेली उत्तम ओलावा धरते, पण कपड्यांना चिकटते म्हणून दिवसा क्रीम आणि रात्री जेली, असं मी करते. एक सावधगिरी मात्र कायम लक्षात ठेवा. असं मलम कपड्यांत, चादरीत मुरलं की ते कापड चटकन पेट घेतं. चूल, शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून दूर राहा आणि चादरी वरचेवर धुवा.

पाचवी पायरी: औषधी मलम नीट लावायला शिका

इथे थोडा जास्त वेळ घेते, कारण बहुतेकांचा उपचार इथेच फसतो. औषध बरोबर असतं. ते कमी लावलं जातं, चुकीच्या जागी लावलं जातं किंवा चुकीच्या दिवशी थांबवलं जातं.

आधी प्रमाण. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ ओढा. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आता हिशोब करा. तुमचे चट्टे पाच तळव्यांएवढे असतील तर एका वेळेला अडीच पेरं, म्हणजे सव्वा ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तर ३० ग्रॅमची ट्यूब २४ दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरत असेल, तर औषध लागू पडत नाही असं नव्हे, तुम्ही ते लावतच नाही आहात. चार महिने पुरलेली ट्यूब घेऊन मी डॉक्टरांपुढे तक्रार करत बसले होते. त्यांनी शांतपणे हाच हिशोब कागदावर मांडून दाखवला.

बहुधा पहिलं औषध स्टेरॉइडचं मलम असतं. या शब्दाने दोन टोकांची माणसं होतात: काही जण भीतीने ते हातात घेत नाहीत, काही जण आराम पडला म्हणून वर्षानुवर्षं लावत राहतात. दोघांचंही नुकसान होतं. स्टेरॉइड मलमांचे सौम्य ते अतितीव्र असे गट आहेत. क्लोबेटासोलसारखं अतितीव्र मलम कोपर-गुडघ्याच्या जाड चट्ट्यावर दोन ते चार आठवडे उत्तम काम करतं, पण चेहरा, काख, जांघ, स्तनांखालची घडी इथे ते चालत नाही. तिथली कातडी पातळ असते, आणखी पातळ होते, ताणाच्या रेघा पडतात. त्या जागांसाठी सौम्य स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. घरातल्या दोन ट्यूबांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: 'कोपर-गुडघे' आणि 'घड्या-चेहरा'. रात्री झोपेत चुकीची उचलली जात नाही.

दुसरा गट ड जीवनसत्त्वासारख्या औषधांचा, त्यात कॅल्सिपोट्रिऑल सर्वांत परिचित. ते पेशींची घाई कमी करतं. कातडी पातळ करत नाही, म्हणून जास्त काळ लावता येतं. सुरुवातीला जरा चुणचुणतं. मोठ्या माणसाने आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. स्टेरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑल एकत्र असलेलं मलमही मिळतं आणि अनेकांना त्याचा सुरुवातीला चांगला गुण येतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: सॅलिसिलिक ॲसिड कॅल्सिपोट्रिऑलला निकामी करतं. खपली मऊ करायला सॅलिसिलिक ॲसिड आणि त्यावर लगेच हे मलम, असं केलंत तर दोन्ही लावल्याचं समाधान मिळेल आणि औषध वाया जाईल. वेळा वेगळ्या ठेवा आणि डॉक्टरांना दोन्हींची नावं सांगा.

मॉइश्चरायझर आणि औषध यांत वीसेक मिनिटांचं अंतर असू द्या, म्हणजे औषध पातळ होऊन इकडेतिकडे पसरत नाही.

आणि थांबायचं कधी? बोट फिरवून बघा. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवलं आणि कडा लागली नाही, कातडी शेजारच्या कातडीएवढीच मऊ लागली, की चट्टा बसला. तिथे राहिलेला काळसर किंवा फिकट डाग हा आजार नव्हे. तो काही महिन्यांत आपोआप जातो, त्यावर स्टेरॉइड घासत बसू नका. मात्र एका दिवसात सगळं बंदही करू नका. रोजचं एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोन दिवस, असं डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत न्या. एकदम सोडलेला चट्टा त्वेषाने परत येतो, आणि 'औषधाची सवय लागली' असा चुकीचा अर्थ आपण काढतो.

डोक्याचं थोडं वेगळं आहे. तिथे जाड खपलीखाली औषध पोचतच नाही. म्हणून आधी खपली मऊ करायची. माझी शनिवारची रात्र त्यासाठी राखलेली असते: केसांचे भांग पाडत जायचं, डॉक्टरांनी दिलेलं सॅलिसिलिक ॲसिडचं तेल किंवा मलम केसांना नाही, कातडीला लावायचं, जुना मऊ कपडा बांधून झोपायचं. सकाळी खपली भिजलेल्या कागदासारखी सैल झालेली असते. रुंद दातांचा कंगवा आडवा धरून, अलगद, एका वेळी एक भाग. जी निघत नाही ती राहू द्यायची, पुढच्या वेळी निघेल. नखाने उपटलेल्या खपलीसोबत केसही येतात आणि जखम होते, आणि जखमेचं काय होतं ते पुढे सांगते. मग कोल टारचा (दगडी कोळशाच्या डांबराचा) शाम्पू, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, आणि कोरड्या कातडीवर स्टेरॉइडचं लोशन. तीन-चार वेळा असं केल्यावर मी बऱ्याच वर्षांनी काळा सदरा घातला आणि दिवसभरात एकदाही खांदे झटकले नाहीत.

सहावी पायरी: ठिणग्या ओळखा

हाइनरिख कोबनर या जर्मन डॉक्टरांनी १८७२ मध्ये एक निरीक्षण मांडलं: सोरायसिसच्या रुग्णाच्या चांगल्या कातडीला इजा झाली, की तिथेच नवा चट्टा उगवू शकतो. ओरखडा, भाजणं, टाके, गोंदण, घट्ट पट्ट्याचं घासणं, उन्हाने करपणं, काहीही. साधारण एक-दोन आठवड्यांनी. म्हणून नखं बारीक कापा, खाजवण्याऐवजी थंड ओला कपडा दाबून धरा, गोंदवून घ्यायचा विचार आजार चिघळलेला असताना तरी नक्कीच सोडा.

घशाचा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग ही दुसरी मोठी ठिणगी, विशेषतः मुलांत आणि तरुणांत. घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाच्या थेंबांसारखे बारीक ठिपके उठतात. तो प्रकार बऱ्याचदा काही महिन्यांत निवळतो, तरी घसा दुखल्यावर अंगावर काढू नका.

औषधांपैकी लिथियम, रक्तदाबाची बीटा ब्लॉकर, क्लोरोक्विनसारखी मलेरियाची औषधं काहींचा सोरायसिस वाढवतात. ही औषधं आपल्या मनाने मात्र बंद करायची नाहीत. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना 'मला सोरायसिस आहे' एवढं सांगा, पर्याय ते बघतील.

धूम्रपान आणि दारू आजार वाढवतात आणि औषधांचा गुणही कमी करतात. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने चट्टे कमी होतात, इंजेक्शनांचाही परिणाम सुधारतो. पथ्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. सगळ्यांना लागू पडेल असा एकही वर्ज्य पदार्थ सिद्ध झालेला नाही. वहीत एखाद्या पदार्थाशी वाढीचा संबंध तीन-चारदा दिसला तर तो टाळून बघा. पण आंबट, गोड, दूध, सगळंच सोडून अशक्त झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचे चट्टे जागच्या जागी होते.

ताण हाही ठिणगी आहे. पण 'ताण घेऊ नकोस' हा सल्ला आजारी माणसाला आणखी एक काम लावतो. त्यापेक्षा झोपेची वेळ सांभाळा, खाजेने झोप मोडत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. सतत उदास वाटत असेल, कशात मन लागत नसेल, तर तेही सांगा. सोरायसिसबरोबर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

सातवी पायरी: सांध्यांवर लक्ष ठेवा

सोरायसिस असलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा त्रास होतो, बहुतेकदा कातडीनंतर काही वर्षांनी. कातडी पुन्हा जशीच्या तशी होते, झिजलेला सांधा होत नाही, म्हणून इथे उशीर परवडत नाही. सकाळी उठल्यावर बोटं, पाठ किंवा गुडघे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात का? एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून जाड होतं का? टाचेच्या मागे, जिथे स्नायूची दोरी (टेंडन) हाडाला जुळते तिथे, दुखतं का? नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे आहेत का? यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराची जोखीमही तीव्र सोरायसिसमध्ये वाढते, तेव्हा वर्षातून एकदा त्या तपासण्या करून घ्या.

मलमाने भागत नसेल तर

चट्टे फार पसरलेले असतील, किंवा नीट लावूनही दोन-तीन महिन्यांत समाधान नसेल, तर पुढची पायरी मागायला लाजू नका. प्रकाशोपचारात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मोजून दिले जातात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण वीस-तीस बैठका. जाणं-येणं जमलं तर हा फार चांगला उपचार आहे. गरोदरपणातही तो बऱ्याचदा वापरता येतो. घरी उन्हात तासन्‌तास बसणं हा त्याचा पर्याय नव्हे.

गोळ्यांत मेथोट्रेक्सेट जुनी आणि भरवशाची. तिच्याबद्दल एकच वाक्य मोठ्याने वाचा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवा, भिंतीवर लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या. सोबत फोलिक ॲसिड देतात, रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या वेळेवर कराव्या लागतात, दारू टाळावी लागते. मूल हवं असेल तर दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं. ॲसिट्रेटिन ही गोळी बंद केल्यावरही बाईने तीन वर्षं गरोदर राहायचं नसतं, म्हणून तरुण मुलींना ती शक्यतो देतच नाहीत.

बायोलॉजिक इंजेक्शनं वर सांगितलेले निरोपच अडवतात: ॲडॅलिम्युमॅब टीएनएफला, सेक्युकिन्युमॅब इंटरल्यूकिन-१७ ला, गुसेल्कुमॅब इंटरल्यूकिन-२३ ला. अनेकांची कातडी जवळजवळ स्वच्छ होते. सुरू करण्याआधी क्षयरोग आणि कावीळ यांच्या तपासण्या होतात, कारण दबलेला क्षय उफाळू शकतो. गुण येतो की नाही हे सहसा १२ ते १६ आठवड्यांनी ठरवतात.

आणि एक गोष्ट टाळा. तिसऱ्या वर्षी मी कुणीतरी दिलेल्या, वेष्टनावर काहीच न लिहिलेल्या गोळ्या घेतल्या. पंधरा दिवसांत अंग स्वच्छ. मी रडले होते आनंदाने. गोळ्या संपल्या आणि दहा दिवसांत चट्टे आधीच्या तिप्पट जागेत परतले, अंगाला कणकण, कातडी लालभडक. त्या गोळ्यांत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं की सोरायसिस असा उसळतो, कधी जिवावर बेततं. ज्या औषधात काय आहे ते देणारा सांगत नाही, ते घेऊ नका.

तसं कधी झालंच, म्हणजे जवळजवळ सगळं अंग लाल होऊन सोलायला लागलं, थंडी वाजते, ताप आहे, किंवा लाल कातडीवर पिवळट पुवाचे असंख्य बारीक फोड उठले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही तातडीची अवस्था आहे.

पुढच्या भेटीला जाताना

वही घ्या, फोटो घ्या. तुमची चालू औषधं लिहून घ्या, इतर आजारांचीसुद्धा. विचारायचे तीन प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवा, कारण तिथे गेल्यावर सुचत नाहीत. अंगावर झाकलेल्या जागी चट्टा असेल तर तो दाखवा. त्यांनी असे शेकडो पाहिलेले असतात. आणि संपलेल्या ट्यूबा फेकू नका. एका पिशवीत साठवा आणि ती पिशवी टेबलावर ठेवा. तुम्ही दोन महिन्यांत किती औषध लावलं, हे त्या रिकाम्या ट्यूबा मोजून डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात कळेल, आणि औषध बदलायचं की तेच पुढे चालू ठेवायचं, हे त्यावरूनच ठरेल.